कालव्यात पाणी किती आहे ते आधी सांगा

2015 च्या मार्चमध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जुसुफ काल्ला शेजाऱ्यांवर वैतागून जे बोलले त्याचा मतलब असा होता, की वर्षातले अकरा महिने आमच्या जंगलांची चांगली हवा खाता तेव्हा कधी थँक्यू म्हणत नाही आणि एक महिना जरा आमच्याकडच्या आगींचा धूर आला की लगेच बोंब मारता. सिंगापूर-मलेशियात यावर हसून झालं, चिडून झालं, आणि मग त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कित्येक वर्षांतला सगळ्यात वाईट धूर आला. इंडोनेशियात 26 लाख हेक्टर जंगल आणि जमीन जळाली. वर्ल्ड बँकेने नुकसान काढलं 1,600 कोटी डॉलर, म्हणजे 2004 च्या त्सुनामीनंतर आचे प्रांत परत उभा करायला जेवढं लागलं त्याच्या दुपटीहून जास्त. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी अंदाज बांधला की या धुराने तिन्ही देशांत मिळून एक लाखाच्या वर माणसं अकाली गेली असणार. तिन्ही सरकारांनी तो आकडा मानला नाही, पण त्यातली वाटणी बघण्यासारखी आहे. सिंगापूर साधारण 2,200, मलेशिया साडेसहा हजार, आणि इंडोनेशिया 91 हजारांच्या वर.

म्हणजे ज्याला आपण ‘सिंगापूरचा धूर’ म्हणून बातम्यांत बघतो तो मुळात इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या आणि कालिमंतानच्या (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) लोकांचा धूर आहे. सिंगापूरला फक्त त्याचा शेपटाकडचा भाग पोचतो, पण तिथे पीएसआयचा, म्हणजे हवा किती खराब आहे त्या निर्देशांकाचा, आकडा तासातासाला जाहीर होतो, मॉल आहेत, विदेशी पत्रकार आहेत, आपले आयटीवाले नातेवाईक आहेत जे फॅमिली ग्रुपवर खिडकीबाहेरचे पिवळट फोटो टाकतात, त्यामुळे बोलबाला तिकडचा होतो. 2013 च्या जूनमध्ये सिंगापूरचा पीएसआय 401 ला गेला ते सगळ्यांना आठवतं. त्याच आठवड्यात मलेशियातल्या मुआर गावात निर्देशांक 746 झाला आणि तिथे आणीबाणी लावावी लागली हे कमी लोकांना आठवतं. आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमात्रातला रिआऊ प्रांत आठवडेच्या आठवडे धुरात होता ते तर जवळपास कोणालाच नाही, कारण त्या महिन्यांत वारा उत्तरेकडून वाहतो, धूर शेजाऱ्यांकडे फारसा जात नाही, आणि धूर शेजाऱ्यांकडे गेला नाही की मीटिंगही होत नाही.

माझं भांडण नेमकं इथे आहे. आग्नेय आशियातले देश या प्रश्नावर सहकार्य करत नाहीत असं अजिबात नाही, उलट वीसेक वर्षं ते इतकं सहकार्य करतायत की करार, रोडमॅप, स्ट्रॅटेजी, समित्या यांचा ढीग झालाय. पण ते सहकार्य धुराचं आहे. धूर दिसला की सॅटेलाइटवरचे हॉटस्पॉट, म्हणजे आगीचे ठिपके, मोजा, विमानं पाठवा, एकमेकांना पत्रं लिहा. आग लागते ती मात्र जमिनीतलं पाणी उतरलं म्हणून, आणि पाण्याबद्दल शेजाऱ्यांमध्ये कोणी धड बोलत नाही.

ही जमीन म्हणजे पीट. पीट म्हणजे काय ते थोडं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे अशी जमीन जवळपास नाहीच. सुमात्रा-बोर्निओच्या सपाट किनारपट्टीवर दलदलीत वाढलेलं जंगल, पानं-फांद्या-खोडं पाण्यात पडतात, पाण्याखाली ऑक्सिजन नाही म्हणून कुजत नाहीत, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर या वेगाने थर चढत जातो. असं हजारो वर्षं चाललं की काही ठिकाणी दहा-दहा मीटर खोल, काळपट, भिजलेला, लाकडाच्याच मालाचा साठा तयार होतो. म्हणजे तुम्ही उभे आहात ती जमीन माती नाहीच, अर्धवट झालेला कोळसा आहे. तो ओला आहे तोवर त्याला काही होत नाही. कालवा खणून पाणी बाहेर काढलं की वरचा थर वाळतो, आणि मग पेटला की आग खाली शिरते, ज्वाळा न दिसता आठवडे-महिने धुमसत राहते, वरून पाणी मारलं तरी दोन मीटर पलीकडून परत धूर निघतो. अशी आग शेवटी मोठा पाऊसच विझवतो. 1997 च्या एल निनोत इंडोनेशियातल्या पीटच्या आगींतून जो कार्बन बाहेर पडला तो, एका गाजलेल्या अंदाजानुसार, जगभर वर्षाला कोळसा-तेल जाळून निघणाऱ्या कार्बनच्या 13 ते 40 टक्के होता. एका देशातली दलदल, एक सीझन.

आणि हे कालवे आभाळातून पडले नाहीत. काही लाकूडतोड्यांनी ओंडके वाहून न्यायला खणले, काही पामतेलाच्या आणि कागदासाठी अकेशियाची झाडं लावणाऱ्या कंपन्यांनी. पण सगळ्यात मोठा उद्योग खुद्द सरकारचा. 1995 च्या अखेरीस तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टर पीटवर भातशेती करायचं ठरवलं, चार हजार किलोमीटरच्या वर कालवे खणले, जावामधून हजारो कुटुंबं आणून वसवली. भात काही पिकला नाही, ती जमीन आंबट, भाताच्या कामाची नाहीच. 1997 ला सगळं पेटलं, सुहार्तो गेले, योजना गुंडाळली, कालवे मात्र तसेच राहिले आणि पाणी वाहून नेत राहिले. कहर म्हणजे 2020 मध्ये परत त्याच भागात ‘फूड इस्टेट’ नावाने नवी शेती योजना आणली. सरकारं बदलतात, पण नकाशावर मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात ते शिवशिवतातच.

आता लोक जाळतात का? आळशी आहेत म्हणून, अडाणी आहेत म्हणून, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. जेसीबीने झाडोरा काढायचा तर पैसा लागतो, काडी फुकट आहे, आणि राखेने त्या आंबट जमिनीचा आंबटपणा कमी होतो. आपल्याकडे कोकणात, मावळात भाताच्या रोपासाठी राब भाजतात त्यामागेही शेतकऱ्याचा हिशोबच असतो, मूर्खपणा नसतो. फरक एवढाच की राबाची आग संध्याकाळपर्यंत विझते कारण खाली माती आहे. शिवाय तिथे जमिनीचा धंदा आहे. जंगल असलेल्या जमिनीपेक्षा जाळून साफ केलेल्या जमिनीला भाव जास्त मिळतो, पाम लावलेल्या जमिनीला त्याहून जास्त, आणि मध्ये दलाल, गावचे पुढारी, तालुक्याचे अधिकारी असे सगळे आपापला वाटा घेऊन उभे. पकडला जातो तो काडी लावणारा मजूर. इंडोनेशियातली पामखालची साधारण 40 टक्के जमीन छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, त्यामुळे ‘सगळा दोष कंपन्यांचा’ हेही अर्धंच खरं.

तर मग करायचं काय हे कोणाला माहीत नाही असं नाही. रिआऊमध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळ तेबिंग तिंग्गी नावाचं बेट आहे, त्यावर सुंगाई तोहोर नावाचं गाव. गावाचा धंदा सागोच्या झाडांचा. सागोला ओली जमीनच लागते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हे लोक पीट न सुकवता त्यावर जगत आलेत. (साबुदाणा मूळचा याच झाडाचा, आपण उपासाला खातो तो सेलमकडच्या टॅपिओकाचा असतो ही वेगळी गोष्ट.) शेजारी एका कंपनीने अकेशियासाठी मोठे कालवे खणले, पाणी उतरलं, आणि 2014 च्या सुरुवातीला, म्हणजे मगाशी म्हटलं त्या रिआऊच्या धुरात, गावातला सागो जळाला. मग गावकऱ्यांनी स्वतःच कालव्यांना बांध घालायला घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे राष्ट्राध्यक्ष जोकोवी तिथे गेले आणि कालव्यात उतरून बांधाला हात लावून आले, फोटो देशभर गेला.

हा बांध दिसायला काहीच नसतो. कालव्यात आडव्या लाकडी खुंटांच्या दोन रांगा ठोकायच्या, मध्ये पोत्यांत माती भरून दाबायची, वरून जादा पाणी जायला एक खाच ठेवायची. जमिनीला उतार इतका कमी असतो की एक बांध घालून भागत नाही, थोड्या थोड्या अंतरावर घालत जावं लागतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात अर्धे कडेने खचतात कारण पीट भुसभुशीत, पाणी बांधाच्या बाजूने वाट काढतं. मग परत दुरुस्ती. त्यात अजून एक भानगड म्हणजे हा कालवा लोकांचा रस्ता पण असतो. कालिमंतानमध्ये केलोटोक नावाच्या इंजिनाच्या होड्या यातून मासे, लाकूड, रबर, माणसं नेतात. तुम्ही वरून प्रोजेक्ट आणून बांध घातला आणि होडी अडली की महिन्याभरात कोणीतरी रात्री येऊन तो फोडणार, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही. जिथे होडी जाण्यापुरती वाट ठेवली किंवा बांध सांभाळायचे पैसे गावालाच दिले तिथे टिकायची शक्यता तरी असते. हे काम कंटाळवाणं आहे, वर्षानुवर्षं चालणारं आहे, यात रिबन कापायला काही नाही. विमानातून पाणी टाकतानाचा व्हिडिओ कसा मस्त दिसतो.

इंडोनेशियाने 2016 ला पीट पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था काढली, सात प्रांतांत वीस लाख हेक्टरच्या वर काम करायचं टार्गेट दिलं, आणि नियमच आहे की पीटवर लागवड असेल तर जमिनीतलं पाणी पृष्ठभागापासून 40 सेंटिमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा 40 सेंटिमीटरचा आकडा सगळ्यात कामाचा वाटतो. कारण तो मोजता येतो, एक नळी जमिनीत घाला आणि बघा. हॉटस्पॉट दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, पण पाणी 40 वरून 60 ला, 80 ला गेलं हे आगीच्या आधी काही आठवडे कळतं. तेव्हा कालव्याचे बांध बघा, माणसं तयार ठेवा, त्या पट्ट्यात कोणी काडी लावणार नाही हे बघा. आपल्याकडची तहान लागल्यावर विहीर खणायची म्हण तिथे शब्दशः खरी झाली आहे, कालिमंतानमध्ये आगीसाठी हजारो बोअर मारलेत, आणि आग लागल्यावर पंप कुठे, डिझेल कुठे, पाइप किती लांबीचा यावर गाडी अडते.

आता आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेचा, धुरावरचा करार बघा. 2002 ला क्वालालंपूरमध्ये सही झाली, 2003 ला लागू झाला. ज्या देशात सगळ्यात जास्त आग लागते त्या इंडोनेशियाच्या संसदेने तो मंजूर केला 2014 मध्ये, तेव्हाच्या दहा देशांत सगळ्यात शेवटी. करारात दंड नाही. वाद झाला तर सल्लामसलत आणि वाटाघाटी. निधी आहे तो ऐच्छिक वर्गणीचा. ‘2020 पर्यंत धूरमुक्त आसियान’ असा रोडमॅप होता, 2019 ला परत साडेसोळा लाख हेक्टरच्या आसपास जळालं, आणि आता नवा रोडमॅप 2030 चा आहे. एकमेकांच्या घरात नाक खुपसायचं नाही हा आसियानचा पायाच आहे, त्यामुळे यापेक्षा कडक काही निघेल ही अपेक्षा करणंच भाबडेपणाचं. मी कडक कराराची मागणी करत नाहीये. मला वाटतं आहे त्याच कराराखाली मोजायची वस्तू बदलली तरी खूप होईल. वर्षातून एकदा, आगीच्या सीझनच्या आधी, प्रत्येक देशाने आपल्या पीटच्या पट्ट्यांतली पाण्याची पातळी टेबलावर ठेवायची. फक्त इंडोनेशियाने नाही, मलेशियाने सारावाक आणि सेलांगोरची, ब्रुनेईने त्यांची, थायलंडने दक्षिणेकडच्या दलदलींची. मग एकाच देशाला पिंजऱ्यात उभं केल्यासारखंही होत नाही.

यावर लगेच म्हणतील की डेटा कोण देणार. बरोबर आहे, 2013 मध्ये आसियानच्या पाच देशांनी मिळून धूर निरीक्षणाची सिस्टिम मान्य केली, त्यात कोणत्या कंपनीची जमीन कुठे आहे ते नकाशे सरकारांनी एकमेकांना द्यायचे होते, पण कायद्यात बसत नाही म्हणून ते अडलं. इंडोनेशियात तर सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये लागवडीच्या परवान्यांची माहिती लोकांना द्या म्हणून सांगितलं तरी मंत्रालय ढिम्म. इथे मला सिंगापूर आणि मलेशियाचाही राग येतो. सुमात्रा-कालिमंतानमधल्या कित्येक पाम कंपन्यांचे मालक, शेअर बाजारातली नोंदणी, कर्ज देणाऱ्या बँका याच दोन देशांतल्या. सिंगापूरने 2014 ला कायदा केला, बाहेर आग लावून इकडे धूर आणला तर दिवसाला एक लाख सिंगापूर डॉलर दंड, जास्तीत जास्त वीस लाख. नोटिसा निघाल्या, भांडणं झाली, पण पुरावा लागतो तो दुसऱ्या देशातल्या जमिनीचा, तिथलं सरकार देत नाही, त्यामुळे कायदा शोभेचा राहिलाय. त्यापेक्षा आपल्याच बँकांना सांगा ना, की पीटवर बाग असलेल्या कंपनीने दर महिन्याची पाण्याची पातळी जाहीर केल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. त्याला जकार्ताची परवानगी लागत नाही.

पैशांचं पण स्पष्ट बोलूया. सिंगापूरने 2007 पासून सुमात्राच्या जांबी प्रांतात एका जिल्ह्यासोबत काम केलं होतं, न जाळता शेती, हवा मोजायची यंत्रं, शेतकऱ्यांना ट्रेनिंग, खर्च फार मोठा नव्हता. 2011 ला मुदत संपली, सिंगापूरने पुढे चालू ठेवायची तयारी दाखवली पण इंडोनेशियाकडून ते झालं नाही. मला हा मार्ग बरोबर वाटतो, राजधानी ते राजधानी न करता जिल्हा धरून, आणि पाच वर्षांऐवजी पंचवीस वर्षांसाठी. बांधाची देखभाल, गावाचा पगार, ओल्या जमिनीतली पिकं म्हणजे सागो, जेलुतुंग (चीक देणारं झाड), मासे यांना गिऱ्हाईक. 2015 सारख्या एका वाईट वर्षाचं नुकसान हजार कोटी डॉलरच्या वर जातं तिथे हा खर्च काहीच नाही. आणि हो, पैसे मिळाले की जकार्ताला ते दान वाटू नये, शेजारी आपली हवा विकत घेतोय, काल्लांच्या त्या थँक्यूची किंमत रोखीत देतोय असं समजायला हरकत नाही.

एक आक्षेप मला खरंच वजनदार वाटतो. 2016 नंतर आगी कमी झाल्या त्याचं श्रेय बांधांना की पावसाला? 2020 ते 2022 या काळात ‘ला निना’मुळे (एल निनोच्या उलटा प्रकार) पाऊसच भरपूर होता, त्या वर्षांचे आकडे दाखवून पाठ थोपटून घेणं चुकीचं. पण कोरडी वर्षं कोरड्या वर्षांशी लावून बघितली तर 2015 ला 26 लाख हेक्टर, 2019 ला साडेसोळा, 2023 च्या एल निनोत साधारण साडेअकरा लाख. प्रत्येक दुष्काळ सारखा नसतो, हे मान्य. तरीही पूर्ण फुकट गेलं असं म्हणवत नाही. 2023 मध्ये मात्र मलेशियाने पत्र लिहिलं आणि इंडोनेशियाच्या मंत्र्यांनी धूर सीमेपार गेलाच नाही असं सांगितलं, म्हणजे जमिनीवर सुधारणा झाली तरी मीटिंगमधली भाषा तीच.

आणि आपण. भारत जगातला सगळ्यात मोठा पामतेल आयातदार आहे, वर्षाला 75 लाख टनांपासून जवळपास एक कोटी टनांपर्यंत, त्यातलं बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियाचं. फरसाण, बिस्किटं, साबण, गाडीवरची भजी, सगळीकडे ते आहे. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशनवर शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं, दीड कोटीच्या वर रेशनकार्डांना. म्हणजे तेव्हा महाराष्ट्र सरकार स्वतः मोठं गिऱ्हाईक होतं. पामतेलावर बहिष्कार टाका असं मी म्हणणार नाही, ते गरिबाचं तेल आहे, आणि एका हेक्टरमधून पाम जेवढं तेल देतो तेवढं सोयाबीनमधून काढायला सात-आठपट जमीन लागेल, मग ब्राझीलचं जंगल जाईल. स्वतःच पिकवू म्हणून 2021 मध्ये केंद्राने 11,040 कोटींचं पामतेल मिशन काढलं, त्याचा रोख ईशान्य भारत आणि अंदमानकडे, तिथल्या जंगलांचं काय हा वेगळ्या लेखाचा विषय.

पण विकत घेणारा म्हणून अट घालायचा हक्क आपल्याला आहे आणि तो आपण कधी वापरलेला नाही. सरकारी खरेदीच्या टेंडरमध्ये सतरा अटी असतात, त्यात अजून एक टाका, की पीटवरच्या बागेचं तेल असेल तर त्या बागेच्या पाण्याच्या नोंदी जोडा. आयातदार म्हणतील की जहाजात सगळ्यांचं तेल एकत्र होतं, कुठल्या बागेचं ते कसं सांगणार. युरोपातल्या गिऱ्हाइकांना कुठल्या मिलमधून तेल आलं ते हेच मोठे पुरवठादार यादीसकट देतात, वर्षानुवर्षं देतायत. तीच यादी कांडला आणि मुंबईला उतरणाऱ्या मालासोबत का येत नाही, हे आयातदारांना निदान एकदा आपल्या सरकारने विचारावं.